नावाड्याच्या मुलीचं गाणं

"ही चाल तुमची नाही," व्हायोलिनवाले काका म्हणाले. "माझी आहे."

तालीम जागच्या जागी थांबली. नावाड्याची मुलगी झालेली नटी तोंड उघडं ठेवूनच संगीतकाराकडे पाहू लागली.

प्रयोग आठवड्यावर आला होता. घराघरांत वाचल्या गेलेल्या कादंबरीवरचं हे संगीत नाटक. इतके दिवस तालमी नुसत्या पेटीवर चालल्या होत्या. वादक शेवटच्या आठवड्यात येतात, तशी पद्धतच असते. त्यामुळे काकांनी हे गाणं आज पहिल्यांदा ऐकलं. चार ओळी वाजवल्या आणि गज खाली ठेवला.

नाटकाचा सगळा जीव याच गाण्यात होता. दिग्दर्शिकेनेही ते मान्य केलं होतं, आणि ती सहसा काही मान्य करत नसे. संगीतकाराला ही चाल दाढी करताना सुचली होती. एका गालाला साबण तसाच ठेवून तो पेटीकडे धावला होता. "जन्मापासून ओळखीची वाटावी अशी चाल आहे," असं तो ज्याला त्याला सांगे. स्वतःचं कौतुक करताना त्याने कधी हात आखडता घेतला नाही.

"कुठे छापली होती तुमची चाल?" त्याने विचारलं.

"कुठेच नाही."

"रेकॉर्ड वगैरे?"

"नाही."

"ऐकली तरी आहे का कोणी?"

"एका माणसाने. फार वर्षं झाली."

"मग मी काय तुमच्या स्वप्नात येऊन चोरली?"

हॉलमध्ये हशा पिकला. काका हसले नाहीत, चिडलेही नाहीत. "कशी ते मलाही कळत नाही," ते म्हणाले. "पण हिला पुढे अंतरा आहे. तुमची इथेच संपते."

"मग वाजवा की अंतरा! होऊन जाऊ दे."

"तो नाही वाजवायचा. तो ज्याचा त्याला दिलाय."

एवढं बोलून काकांनी व्हायोलिन पेटीत ठेवलं आणि ते निघून गेले. दुधात मिठाचा खडा पडला तो तिथेच. बासरीवाला उठला, मग तबलजी उठला. काका खोटं बोलत नाहीत, एवढंच त्यांचं म्हणणं. हा माणूस दुसऱ्याचा चुकलेला सूर स्वतःच्या अंगावर घेतो, तो दुसऱ्याची चाल कशाला घेईल?

नवे वादक मिळेनात. दिग्दर्शिका म्हणाली, गाणं बदलू. संगीतकार म्हणाला, गाणं गेलं तर मीही गेलो. निर्मात्याने दोन्हीकडची समजूत घालून पाहिली आणि शेवटी फाटकावर 'प्रयोग रद्द'ची पाटी लावली. नाटक पाण्यात उतरायच्या आतच बुडालं. नावाड्याची निळी नाव नाट्यगृहाच्या मागे जाऊन पडली. पहारेकरी तिच्यात आता आपली सायकल ठेवतो.

संगीतकाराला वाईट वाटलं, आणि राग त्याहून जास्त आला. नाटकं काय, पुन्हा मिळतात. पण पाठीमागे लोक त्याला चोर म्हणू लागले होते. त्याने वादक संघाकडे तक्रार केली. उद्या सकाळी बैठक होती. चाल आपलीच, असं त्याने तिथे शपथेवर सांगितलं की काकांचं नाव संघातून जाणार होतं, आणि संघातून नाव गेलेल्याला कुठलंच नाट्यगृह बोलवत नाही.

संध्याकाळी तो आईसमोर येऊन बसला. आई मटार सोलत होती. वडील गॅलरीत झाडांना पाणी घालत होते.

आई कधी तालमीला गेली नव्हती. "मला मेलीला गाण्यातलं काय कळतंय," असं ती म्हणे. काम करताना ओठ मिटून काहीतरी गुणगुणायची, तेवढंच तिचं गाणं. कोणी आलं की तेही थांबायचं. नावाड्याच्या मुलीची चाल त्याने सगळ्यांत आधी तिलाच ऐकवली होती. तिने ती पुन्हा एकदा म्हणायला लावली, मग म्हणाली, "छान आहे. जरा अर्धवट वाटते." हा किस्सा त्याने कितीतरी जणांना हसत हसत सांगितला होता.

"उद्या बसतील म्हातारबुवा घरी," तो म्हणाला.

"त्यांचं पोट त्याच्यावरच ना रे?"

"मग आधी विचार करायचा होता! चोराच्या उलट्या बोंबा."

आईने एक शेंग सोलली. "ते अंतऱ्याचं काय म्हणाले होते? नीट सांग."

"म्हणे, ज्याचा त्याला दिलाय. अगं, अंतरा असता तर मला नसता सुचला? किती डोकं फोडलं मी त्याच्यासाठी! नाहीच आहे तो."

"आणि उद्या तू काय सांगणार?"

"चाल माझी आहे म्हणून सांगणार. हवं तर तुझ्या गळ्याची शपथ घेऊन सांगेन."

आईचे हात थांबले. तिने मटारची ताटली बाजूला सारली, उठून गॅलरीचं दार हळूच लोटलं, कडी लावली आणि पुन्हा त्याच्यासमोर येऊन बसली.

"शपथ नको घेऊस," ती म्हणाली. "आधी ऐक."

तिने डोळे मिटले आणि गायला सुरुवात केली. आवाज बारीक होता, पण सुरात होता. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. आपलीच चाल आईच्या तोंडून ऐकताना त्याला इतक्या दिवसांत पहिल्यांदाच बरं वाटलं. चौथ्या ओळीला त्यानेही तिच्याबरोबर गुणगुणून पाहिलं.

ओळ संपली. तो थांबला. आई थांबली नाही.