मनातलं उर्दूत

जेवणं झाली, पानसुपारी झाली, तरी अप्पांनी पत्राचा विषय काढला नाही. सुट्टीला उमरग्याला आलेल्या गुरुलिंगाचा जीव टांगणीला लागला होता.

आता बापाला पत्र उर्दूत का लिहिलं, तर त्याचीही गंमतच. निजामाचं राज्य, हैदराबादेत कॉलेजचं सगळं शिक्षण उर्दूतून. खोलीतला जोडीदार जाफर. त्याच्याशी मनातलं बोलायची सवय लागली, तीही उर्दूतूनच. अप्पांसमोर मात्र ‘व्हय’ आणि ‘बरं’ यापलीकडं जीभ वळायची नाही.

“तो उर्दू में इच लिख ना,” जाफर म्हणाला.

पठ्ठ्यानं चार पानं लिहिली. आपल्याच गल्लीतल्या मामाच्या इरम्माशी ठरलेलं लग्न मला करायचं नाही. तिनं शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. जिच्यापाशी मन मोकळं करता येणार नाही, तिच्यासोबत जन्म कसा काढू?

अप्पांना उर्दू येत नव्हतं. घरात आलेला उर्दू कागद शेजारचा चाँदपाशा वाचून दाखवी. तो आणि त्याची बायको हमिदाबी, दोघंही पोटात ठेवणारी माणसं. बोभाटा होणार नाही, एवढा गुरुलिंगाला भरवसा होता.

शेवटी त्यानंच धीर केला. “अप्पा, माझं पत्र मिळालं?”

“मिळालं. वाचून घेतलं. चारी पानं.”

“राग आला?”

“आला.” अप्पांनी अडकित्ता खाली ठेवला. “पण मन मारून संसार होत न्हाय. मामाला सांगून आलो, लग्न मोडलं म्हणून.”

गुरुलिंगाचे डोळे भरून आले. या माणसाला आपण इतकी वर्षं उगीच भ्यालो, असं त्याला वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा तो बापाजवळ सरकून बसला.

“चाँदपाशाचाचांनी नीट समजावून सांगितलं असणार,” तो म्हणाला. “त्यांना सलाम करून येतो.”

“तो कुठला इथं? दोघं नवरा-बायको महिना झाला, लेकीकडं गुलबर्ग्याला हायेत.”

“मग वाचलं कुणी?”

अप्पांनी अडकित्ता पुन्हा उचलला.

“इरम्मानं. तुला पत्र लिहायचं म्हणून वर्षभर हमिदाबीकडं उर्दू शिकली पोरगी. पाकीट बघून हौसेनं पुढं आली, मी वाचते म्हणाली. दुसऱ्या पानावर मी बस म्हणलं, तर थांबली न्हाय. शेवटपर्यंत वाचलं तिनं.”