सभागृहात वाचलेलं पत्र

"नाव नको घालूस," ऊना म्हणाली. "आणि पत्ता तर नकोच."

विनीताने टाइपरायटरवरून मान वर केली नाही. "अगं, निनावी पत्र सिनेटमध्ये कोण वाचेल? नाव-गाव असलं की माणूस खरा वाटतो."

ऊना बावीस वर्षांची. आयर्लंडहून टूरिस्ट व्हिसावर बॉस्टनला आली आणि परत गेलीच नाही. दोन वर्षं ती विनीता आणि प्रल्हादच्या घरी राहून त्यांच्या दीपाला सांभाळत होती. तिच्या देशाचे एक सिनेटर होते, मॅक्ब्रीन नावाचे. देश सोडून गेलेल्या तरुणांबद्दल ते डब्लिनच्या सभागृहात कळकळीने बोलत. बॉस्टनच्या आयरिश साप्ताहिकात त्यांची भाषणं छापून येत. ऊना ती बोट ठेवून, एकेक शब्द जुळवत वाचायची. या वेळी त्यांनी आवाहन केलं होतं: अमेरिकेत लपूनछपून राहणाऱ्यांनी मला पत्रं लिहा, मी ती सभागृहात वाचेन.

ऊनाने तेराव्या वर्षी शाळा सोडली होती. विनीता पुण्याची, राज्यशास्त्रात एम. ए. कॉलेजात तिने वादविवादाच्या ढाली जिंकून आणल्या होत्या. इथे आल्यापासून चार वर्षांत तिचं बोलणं कुणी पुरतं ऐकूनसुद्धा घेतलं नव्हतं. ऊना सांगत गेली: आई अंथरुणाला खिळली आहे, भेटायला गेले तर परत येऊ देणार नाहीत, पोलिसांची गाडी दिसली की मी रस्ता बदलते. विनीता लिहीत गेली. वाक्यं अशी उतरली की तिचे तिलाच डोळे भरून आले. वर तिने घराचा पत्ता टाइप केला, खाली ऊनाचं पूर्ण नाव. ऊना जरा घुटमळली आणि मग तिने सही केली. विनीताला आपल्यापेक्षा जास्त कळतं, अशी तिची समजूत होती.

मॅक्ब्रीन यांनी पत्र पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत वाचलं. सभागृह स्तब्ध झालं म्हणे. तीन आठवड्यांनी बॉस्टनच्या साप्ताहिकाने ते पहिल्या पानावर छापलं, नाव-पत्त्यासकट.

"बघ, एक शब्द बदलला नाही त्यांनी!" विनीता म्हणाली.

 त्या दिवशी ऊना दीपाला बागेत घेऊन गेली नाही.

पुढच्या मंगळवारी सकाळी इमिग्रेशनचे दोन अधिकारी दारात उभे राहिले. एकाच्या हातात ते साप्ताहिक होतं. ऊना जिन्यात होती, दीपा तिच्या कडेवर.

"ही तुमच्याकडे कामाला आहे?" त्याने विचारलं.

बेकायदा राहणाऱ्याला कामावर ठेवलं तर मालकालाही शिक्षा, असा कायदा नुकताच झाला होता. विनीता-प्रल्हादची ग्रीन कार्डची मुलाखत दोन महिन्यांवर आली होती. विनीताने वळून जिन्याकडे पाहिलं.

"नाही," ऊनाच म्हणाली. "मी भाड्याने राहते. बाळ रडत होतं म्हणून उचललं."

अधिकाऱ्याने विनीताकडे पाहिलं. "आणि हे पत्र?"

"तिनेच लिहिलंय," विनीता म्हणाली. "मला त्यातलं काही माहीत नाही."

दीपा ऊनाच्या गळ्याला घट्ट बिलगली होती. तिची बोटं विनीताला एकेक करून सोडवावी लागली.

दहा दिवसांत ऊनाला विमानात बसवलं. डब्लिनमध्ये मॅक्ब्रीन पुन्हा बोलायला उभे राहिले. ज्या मुलीच्या लेखणीने या सभागृहाला रडवलं, तिला बेड्या घालून परत पाठवलं, असं ते म्हणाले. तेव्हा विरोधी बाकावरच्या एकाने विचारलं, अर्धवट शिकलेली मुलगी असं लिहिते कशी? दुसऱ्याच दिवशी एक बातमीदार ऊनाच्या गावी जाऊन थडकला. त्याने तिच्यापुढे कागद ठेवला आणि चार ओळी लिहायला सांगितलं. तिने लिहिल्या. त्या सगळ्या चुकांसकट पेपरात छापून आल्या.

मॅक्ब्रीन तिसऱ्यांदा उभे राहिले. "या मुलीने मला फसवलं," ते म्हणाले. "त्याहून वाईट म्हणजे तिने या सभागृहाला फसवलं." सभागृहाने बाकं वाजवली.

हे सगळं विनीताला ऊनाच्या पत्रातून कळलं. अक्षर वेडंवाकडं होतं. गावात लोक मला लबाड म्हणतात, तिने लिहिलं होतं. परत आल्यावर दुकानात मिळालेली नोकरी गेली. आई आजारी आहे हेसुद्धा आता कुणाला खरं वाटत नाही. तू सिनेटरना फक्त एवढंच कळव, की लिहिलं तू होतंस, पण सांगितलेलं सगळं माझं होतं आणि खरं होतं. दीपाला माझा पापा दे.

विनीताने ते चारदा वाचलं. मग प्रल्हादला दाखवलं.

"मुलाखत होऊ दे, मग बघू," प्रल्हाद म्हणाला. "आत्ता काही लिहून बसू नकोस, प्लीज."

मुलाखत झाली. कार्डं आली. मित्रमंडळींना बोलावून पार्टी केली. विनीता दोनदा टाइपरायटरपाशी बसली आणि दोनदा उठली. अधिकाऱ्यासमोर खोटं बोललो हे लेखी कसं द्यायचं? दिलेलं कार्ड काढूनही घेतात म्हणे. पुढच्या महिन्यात बघू. उन्हाळा संपल्यावर बघू.

सप्टेंबरात ऊनाचं दुसरं पत्र आलं. पाकिटाला काळी किनार होती. आयर्लंडमध्ये घरात कुणी गेलं की तसं पाकीट पाठवतात, हे विनीताला ठाऊक होतं.

"कुणाचं गं?" आतून प्रल्हादने विचारलं.

"चुकून आलंय," ती म्हणाली.

तिने पाकीट फोडलं नाही. पेन घेतलं आणि त्यावरच्या आपल्या नावाखाली ठसठशीत, एकही चूक न करता इंग्रजीत लिहिलं: या नावाचं इथे कोणी राहत नाही. मग चपला घालून ती कोपऱ्यावरच्या पोस्टाच्या पेटीकडे निघाली.