बारावं फडकं

वर्गातले मातीचे बारा चेहरे एकाच माणसाचे होते. कॉलेजचे शिपाईमामाच पोरांसमोर मॉडेल म्हणून बसायचे. माती सुकून तडकू नये म्हणून शिल्पकलेच्या बाई रोज जाताना प्रत्येक चेहऱ्यावर ओलं फडकं गुंडाळत.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकरा फडकी ओलीचिंब होती. बारावंही ओलं होतं, पण तोंडाच्या जागी अंगठ्याएवढा कोरडा डाग पडला होता. चौथ्या दिवशीही तेच.

"वारा लागत असेल, बाई," मामा म्हणाले.

"पंखा बंद, खिडक्या बंद. मग वारा काय माझे आजोबा घालतात?"

त्या दुपारी बाईंनी बाराव्या फडक्यावरून प्लॅस्टिकची पिशवी चढवली आणि मानेपाशी सुतळी करकचून आवळली. मामा मागे दारात उभे राहून नातीचं कौतुक सांगत होते.

"काल पहिल्यांदा मला हाक मारली. म्हणते कशी..."

पुढचं आलंच नाही.

बाईंनी वळून पाहिलं. मामा दोन्ही हातांनी मोकळा गळा चाचपत होते. तोंड उघडं होतं, आवाज नव्हता.

बाईंची नजर पुन्हा मातीच्या चेहऱ्याकडे गेली. पिशवी तोंडापाशी आत ओढली गेली होती.

गाठ सुटेना. त्यांनी नखांनी पिशवी टराटरा फाडली, फडकं ओरबाडून काढलं. तेव्हा कुठे एक लांब, खोल श्वास ऐकू आला आणि बाईंचा जीव भांड्यात पडला.

मग मागे मामा धाडकन फरशीवर कोसळले.

श्वास बाईंच्या हाताखालून आला होता.