वर्गसमीकरणाचा उपयोग

सलूनमध्ये दिवसभर गिऱ्हाइकांना बोलतं करणाऱ्या बापाला घरी लेकीच्या तोंडून दोन शब्द काढता येत नसत. दहावीत गेल्यापासून ती दार लोटून बसायची आणि काहीही विचारलं तरी "हं" नाहीतर "नको" म्हणायची. फक्त जेवणं झाली की वर्गसमीकरण घेऊन त्याला खेटून बसायची आणि कुरकुरता कुरकुरता मैत्रिणींची भांडणं, बाईंचे टोमणे, सगळं सांगून टाकायची.

"बाबा, हे असलं शाळेत शिकवतात तरी कशाला? तू कधी एक्सचा वर्ग काढून कुणाची दाढी केलीस का?"

"नाही बाई, कधीच नाही." परीक्षा संपली की हे बोलणंही संपणार, या धास्तीने त्याने आलेलं उत्तर गुपचूप खोडलं आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.

"अरे, बरोबर होतं की ते! खोडलंस कशाला?"

त्याचे कान लाल झाले. "तुला गं कसं कळलं?"

"मला शाळेतच सुटलं होतं," लेक म्हणाली आणि आणखी जवळ सरकली. "आता हे पुढचं बघ. हे तर मला अजिबातच येत नाही."