वाळूच्या पिशव्या

एरवी ऑफिसला आणि भाजी आणायला जाणारी गाडी साहेबांना महिन्यातून एकदा रेसच्या ट्रॅकवर पळवायची असते. वेगात वळताना ती जराही डगमगू नये म्हणून त्यांनी माझ्या गॅरेजात कडक स्प्रिंगा आणि रुंद टायर बसवून घेतले. शेवटी चारही चाकांवरचा भार जुळवायचा राहिला. त्यासाठी चालवणाऱ्याच्या वजनाइतक्या वाळूच्या पिशव्या त्याच्या सीटवर ठेवाव्या लागतात, म्हणून मी साहेबांना वजन विचारलं.

"सत्तर किलो," साहेब पोट आत घेत म्हणाले. शेजारी स्टुलावर बसलेल्या वहिनींना एकदम ठसका लागला.

गिऱ्हाइकाचा शब्द खाली कसा पडू द्यायचा? मी दहा-दहा किलोच्या सात पिशव्या ठेवल्या आणि भार जुळवून दिला.

रविवारी ट्रॅकवर गाडी प्रत्येक वळणाला बिचकली, आणि साहेबांचा मेहुणा हात हलवत त्यांच्या पुढे निघून गेला. सोमवारी साहेब एकटेच गॅरेजात आले. त्यांनी आधी टायरला नावं ठेवली, मग स्प्रिंगांना, मग ट्रॅक बांधणाऱ्याला. शेवटी इकडेतिकडे बघत ते हळूच म्हणाले, "सीटवर अजून एक पिशवी ठेवून बघा. पण आमच्या घरी हे कळता कामा नये."

"एक नाही साहेब, दोन ठेवतो. वहिनींचा सकाळीच फोन येऊन गेला."