निरोपाचं बटण

नाशिकच्या सिडकोतले सावळीराम पगारे सहा वर्षं बायकोची औषधं एकाच कंपनीच्या वेबसाइटवरून डोळे झाकून मागवत होते. तिथंच एकदा 'मोफत भेट घ्या' असं हिरवं बटण दिसलं. ते दाबल्यापासून कुठल्याशा आरोग्य क्लबची वर्गणी दर महिन्याला परस्पर खात्यातून जायला लागली. आज खात्यात जेमतेम इंजेक्शनपुरते पैसे उरले होते.

आतल्या खोलीतून धोंडाबाईंनी धापा टाकत विचारलं, "अहो, इंजेक्शन मागवलं ना?"

"मागवतोय गं, पड तू," म्हणत त्यांनी क्लब सोडायचं पान कसंबसं शोधून काढलं. 'आमचा निरोप घेताय?' असं त्यावर विचारलं होतं आणि खाली दोनच बटणं होती, 'जातो' आणि 'येतो'.

घरात माणूस अंथरुणाला खिळलेलं असताना निरोप घेताना 'जातो' कोण म्हणेल? सावळीरामांनी 'येतो' दाबलं आणि "सुटलो एकदाचा," असं पुटपुटले.

तेवढ्यात मेसेज वाजला.



'परत आलात, आनंद झाला! वर्षभराची वर्गणी कापून घेतली आहे.'