रक्तातलं म्हावरं

आई-बापाचं आणि मुलांचं रक्त किती सारखं असतं, याच्या अभ्यासासाठी डॉक्टरीणबाईंनी हेतलचं आणि तिच्या सात वर्षांच्या निधीचं रक्त तपासलं होतं. "मुलीच्या रक्तात मासळीच्या खुणा भरपूर आहेत, तुमच्या रक्तात नावालाही नाहीत," त्या म्हणाल्या. "एकाच घरात राहता ना?"

"मी बोईसरला कंपनीत हाय, मॅडम. कॅन्टीनचा डाळभात खाते. पोर मुरबेला, दर्याकाठी, माज्या आयकडं."

त्या दिवसापासून हेतल रोज संध्याकाळी फोन लावून विचारायची, "आज काय जेवली गं?" निधी मांदेली म्हणाली तर मांदेली, करदी म्हणाली तर करदी; तेच बाजारातून आणून ती भाड्याच्या खोलीत रांधायची.

"एकटीच्या जेवणासाठी सगळ्या चाळीला वास कशाला?" शेजारच्या रत्नाबाई कुरकुरायच्या. हेतल दार लोटून घ्यायची आणि जेवायला बसायची.

सहा महिन्यांनी पुन्हा रक्त घेतलं. अहवाल बघून डॉक्टरीणबाई खूश झाल्या. "आता दोघींचं छान जुळतंय. लेकीला बोईसरला आणलंत वाटतं?"

"नाय मॅडम," हेतल म्हणाली. "आमी फोनवर जेवतो."